डावऱ्या हाताची हकिकत

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण होते. वणीत तर ते साहजिकच आहे. सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजीमहाराज परत येत असता दाऊदखानाच्या मोगली फौजेशी १६७० च्या ऑक्टोबरात त्यांची जी झुंज झाली, ती आपल्याच या मुलुखात, वणी-दिंडोरीच्या माळावर. त्या लढाईची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्या रणांगणाकडे जरा निराळ्या नजरेने पाहावयाचे आहे. तेथे जे हजारो लोक लढले त्यांच्या उजव्या हातात तलवार आणि डाव्या हातात ढाल असणार, असे आपण गृहीत धरतो. पण दहा माणसांमागे सुमारे एक माणूस डावरा असतो, हे शास्त्रज्ञांनी अनेक देशांतील पाहण्यांवरून दाखविले आहे. तेव्हा त्या माळावरही डावरे हात थोडेथोडके नव्हते. बखरींना त्यांचे सोयरसुतक नाही.

बखरींत डावा हात येतो तो निराळ्या कारणाने. त्याच १६७० सालच्या फेब्रुवारीत सिंहगडावर तानाजीच्या डाव्या हातची ढाल तुटली, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली, असे सभासद सांगतो. अफझलखानाच्या भेटीतही त्याने डाव्या हातात वाघनख आणि उजव्या हातात बिचवा दिला आहे. म्हणजे वार सोसायचा डाव्याने, आणि वेळ पडली तर पहिला घावही घालावयाचा त्यानेच. परंतु पराक्रमाचे नाव मात्र उजव्याचे. आपल्या भाषेने हा निकाल केव्हाच लावून टाकला आहे. चांगला तो ‘उजवा’ ठरतो. एखाद्याला हक्काच्या जागेवरून बाजूला सारले की आपण म्हणतो, त्याला ‘डावलले’. मी तीस वर्षे कामगारांत काम करतो. बढतीत डावललेल्या माणसांचे अर्ज मी शेकड्यांनी लिहिले असतील. त्या शब्दाच्या पोटात हा डावा हात बसला आहे, हे ध्यानात येईपर्यंत बरीच वर्षे गेली.

आता घरात येऊ. आपले जेवणाचे पान हे उजव्या हातासाठी आखलेले आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, म्हणजे जे बोटाने चाखावयाचे. उजवीकडे भाजी, आमटी, म्हणजे ज्यात घास बुडवावयाचा. डावऱ्या माणसाचा हात प्रत्येक घासाला भातावरून आडवा जातो. पंगतीत तर शेजाऱ्याच्या कोपराला त्याचा कोपर लागतोच, म्हणून जाणती माणसे अशा पाहुण्याला पंगतीच्या टोकाला बसवितात. सोय म्हणून हे चांगलेच. पण लहान मूल डाव्या हाताने घास घेऊ लागले की आजी त्याच्या हातावर चापट मारते, ही सोयीची गोष्ट नव्हे, ती सोवळ्याची. शौचाला वापरावयाचा हात तोंडाकडे न्यावयाचा नाही, या नियमाला साबण घरोघर नसण्याच्या काळी अर्थ होता, हे मी नाकारीत नाही. नियम हाताच्या स्वच्छतेचा होता, तो हाताच्या जातीचा झाला, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि त्यातही गंमत पाहा. उजवा हात जेवता जेवता खरकटा होतो. मग पाण्याचा पेला उचलावयाचा तो डाव्या हाताने, आणि भाताच्या पातेल्यातला पळा धरावयाचा तोही डाव्यानेच. ज्या हाताने प्रसाद घेतला तर पुजारी रागावतो, तोच हात पंगतीत एकटा सोवळा उरतो! दुपारी जेवून आपण पडतो ती वामकुक्षी, म्हणजे डाव्या कुशीवरची झोप. तिला कोणी अशुभ म्हटल्याचे ऐकिवात नाही. आपल्या गडावरची देवी अठराभुजा आहे. नऊ हात उजवे, नऊ डावे, आणि नवांतला एकही रिकामा नाही. तिच्या दारात बसून लेकराच्या डाव्या हातावर चापट मारणाऱ्या मंडळींनी ती मूर्ती एकदा नीट पाहावी.

जुन्या घरातील हत्यारे डावऱ्याला फारशी आडवी येत नसत. जात्याचा खुंटा कोणत्याही हाताने धरावा, मुसळ हात बदलून चालवावे. विळीचे पाते जागेवर पक्के आणि भाजी दोन्ही हातांत, त्यामुळे डावऱ्या बाईचे काही अडत नाही. येवल्याच्या मागावर धोटा एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे जातो. तेथे दोन्ही हातांना सारखेच काम. खरी अडचण सुरू होते ती एका हाताच्या पात्याच्या हत्याराने. भातकापणीच्या विळ्याचे दाते एकाच अंगाने घासलेले असतात. तो डाव्या हातात धरला तर दाते ताटाला नीट लागत नाहीत, विळा घसरतो. पण विळा गावचा लोहार करीत असे. त्याला सांगितले की तो दुसऱ्या अंगाने दाते पाडून देई. हत्यार माणसाच्या हाताप्रमाणे बनत होते. कारखान्यातून एकाच साच्याचा माल येऊ लागला तेव्हा ही वाट बंद झाली आणि माणसाला हत्याराप्रमाणे बनावे लागले.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे कात्री. कात्रीची दोन पाती नुसती एकमेकांजवळ येऊन कापीत नाहीत. ती एकमेकांवर दाबली गेली पाहिजेत. उजव्या हाताचा अंगठा आणि बोटे मिटताना हा दाब आपोआप पडतो. तीच कात्री डाव्या हातात घेतली की दाब उलटा पडून पाती फाकतात, आणि कापड कापले न जाता मध्ये दुमडते. मास्तर मग म्हणतात, पोरगे धांदरट आहे. सिन्नरच्या बायकांनी बिडीची पाने कात्रीने कापीत पिढ्या काढल्या. तेथे मजुरी हजार बिड्यांवर मिळते, आणि धांदरटपणाचा दंड रोज संध्याकाळी रोखीने वसूल होतो. द्राक्षबागेतही तेच. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोड्या बहराची छाटणी, या दोन हंगामांत सुरगाणा-पेठेकडची माणसे दिंडोरी तालुक्यात छाटणीच्या कात्र्या घेऊन दिवसभर उभी असतात. ती कात्री डाव्या हातात धरली तर काप कोठे बसतो तेच दिसत नाही, आणि तिचा खटका अंगठ्याऐवजी बोटांच्या बाजूला येतो. डाव्या हातासाठी केलेल्या कात्र्या परदेशात कधीच्या मिळतात, आता येथेही मागवता येतात. बागाईतदार द्राक्षे परदेशी धाडतो. मजुराला हवी ती कात्री मागविणे त्याला जड जाऊ नये.

बैलजोडी घेताना हाच शेतकरी किती चोखंदळ असतो! हा बैल डाव्या खांद्याचा, तो उजव्या खांद्याचा, हे तो विचारून घेतो, कारण लावलेली बाजू बदलली की बैल बिथरतो. बैलाचा डावा खांदा मान्य. पोराचा डावा हात मान्य नाही.

शाळेची कथा वेगळी सांगायला नको. बोरूचे टोक तिरपे कापलेले, ते उजव्या हाताच्या वळणाला जुळणारे. शाई ओली, आणि लिहिणे डावीकडून उजवीकडे, म्हणजे डावऱ्याचा तळहात स्वतःच्याच अक्षरावरून फिरणार. पुढे बाके आली ती उजव्या हाताशी फळी असलेली. हात बांधून ठेवणे, बोटांवर पट्टी मारणे हे प्रकार माझ्या पिढीने पाहिले आहेत. डावा हात शिकू शकतो याचा दाखला मात्र आपल्याकडे ठळक आहे. १९०९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडहून आफ्रिकेस जाताना बोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले, तेव्हा उजवा हात थकल्यावर त्यांनी सुमारे चाळीस पाने डाव्या हाताने लिहून काढली. ते मूळचे डावरे नव्हते. लिहिणाराने ठरविले तर दोन्ही हातांनी लिहिता येते. कोणता हात वापरावयाचा हे छडीने ठरविण्याचे कारण नाही.

एका ठिकाणी मात्र डावा हात जगाने पैसे देऊन मागून घेतला: क्रिकेटच्या मैदानावर. पाळवणकर बाळू यांचे नाव तरुणांना माहीत नसते, म्हणून सांगतो. चांभार जातीत जन्मलेला हा माणूस पुण्यास गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखीत असे. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा डावखुरा संथ चेंडू असा तयार झाला की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांच्यावाचून गत्यंतर राहिले नाही. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांच्याच हातचा चेंडू घेत. चहाच्या वेळी मात्र बाळू मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून. १९११ साली हिंदी संघ विलायतेस गेला तेव्हा त्यांनी तेथे शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. डावा हात हवा, माणूस नको, असा हा व्यवहार होता.

नाशिकला जन्मलेले बापू नाडकर्णी यांचा डावा हात असा अपमानित झाला नाही, आणि त्याची करामत तर अजोड आहे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी बत्तीस षटके टाकली, त्यांतली सत्तावीस निर्धाव, आणि दिल्या एकूण पाच धावा. लागोपाठ एकशे एकतीस चेंडूंवर धाव नाही. बळी एकही मिळाला नाही, म्हणून काही टीकाकार नाके मुरडतात. मला त्यात एका कसबी कामगाराची शिस्त दिसते. ते २०२० च्या जानेवारीत वारले.

आता माझ्या प्रांतातील गोष्ट. १९२३ साली हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. ना. म. जोशी तेव्हा कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात होते. कायदा मोलाचा होता यात शंका नाही. त्यापूर्वी हात तुटलेल्या मजुराला मालकाच्या दयेखेरीज आधार नव्हता. पण त्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांचा जो दर लावला होता तो वाचण्यासारखा आहे. उजवा हात कोपरापासून किंवा वर गेला तर कमाईची शक्ती शेकडा ७० गेली असे धरावयाचे. डावा तसाच गेला तर ६०. कोपराखाली उजवा ६०, डावा ५०. डावऱ्या माणसाचा कामाचा हात गेला तरी कायदा त्याला दहाने कमी लेखणार, आणि ज्याचा मदतीचा हात गेला त्याला दहाने जास्त. हा दर अडतीस वर्षे चालला. १९६२ च्या दुरुस्तीने परिशिष्ट बदलले. आता हात कोठून तुटला एवढेच पाहतात, आणि बोटांच्या यादीवर ‘उजव्या किंवा डाव्या हाताची बोटे’ असा मथळा आहे. संपूर्ण तर्जनी गेली तर १४, मधले बोट १२, अंगठा ३०, हात कोणताही असो.

हे सुधारलेच, पण पुरे झाले काय? काही वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या एका लहान कारखान्यात प्रेसखाली एका तरुणाची दोन बोटे गेली. मी इस्पितळात गेलो तेव्हा मालकाचा माणूस त्याच्या आईची समजूत घालीत होता: ‘बाई, देवाची कृपा समजा, डाव्याचीच गेली.’ मुलगा डावरा होता. तो लिहीत होता, जेवत होता, पाना फिरवीत होता तो त्याच हाताने. आई काही बोलली नाही. कायद्याच्या यादीत त्याला जे मिळाले ते उजव्या माणसाला मिळाले असते तेवढेच मिळाले. डाव्या-उजव्याची किंमत सारखी झाली, परंतु कामाचा हात आणि मदतीचा हात यांतला फरक कागदावर अजून कोठेच नाही. प्रेसला दोन बटणे असतात आणि दोन्ही हात एकदम दाबल्याखेरीज ती चालत नाही, ही व्यवस्था त्या कारखान्यात होती. एक बटण बांधून ठेवले होते, कारण त्याने काम भरभर होते. डावरा माणूस डावा हात पुढे करणारच.

हजेरीच्या वहीत नाव, वय, काम आणि पगार यांचे रकाने असतात. माणूस कोणत्या हाताने काम करतो याचा रकाना नाही, आणि तो असावा अशी मागणी आम्ही करीत आहोत. मालक हसतात. त्यांना मी जुन्या दस्तऐवजांतील ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ दाखवितो. कलकत्त्यास १८९७ साली बोटांच्या ठशांची पहिली कचेरी निघाली. आपल्याकडे पुरुषाचा अंगठा डावा घेण्याचा रिवाज पडला, कारण उजवा कामाने झिजतो, रेषा पुसतात, डावा त्या मानाने शाबूत राहतो. हिशेब बरोबर आहे. पण डावऱ्या मजुराचा झिजलेला अंगठा नेमका डावाच असतो. आजही रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा उमटला नाही की तो पुसून पुन्हा ठेवतो, पुन्हा ठेवतो, आणि मागची रांग त्याच्यावर ओरडते. अशा वेळी दुकानदाराने दुसऱ्या हाताचे बोट ठेवावयास सांगावे; यंत्राला ते चालते.