इलेक्ट्रिक गिटारमधील तारांचा अवांछित अनुनाद : कारणे, निदान आणि उपाय

इलेक्ट्रिक गिटारवर एखादा स्वर छेडून हात थांबवल्यानंतरही वाद्यातून क्षीण नाद येत राहतो, अशी तक्रार नवोदित वादकांकडून नेहमी केली जाते. ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवताच किंवा ध्वनिमुद्रण ऐकताना हा नाद ठळकपणे जाणवतो. अनेकदा तो वाद्यातील दोष समजला जातो आणि महागडे सुटे भाग बदलले जातात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याचे मूळ ध्वनिशास्त्राच्या एका साध्या नियमात असते आणि उपायही अल्पखर्चाचा असतो.

अनुनाद म्हणजे काय?

प्रत्येक ताणलेल्या तारेची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या असते. त्याच कंपनसंख्येचा ध्वनी जवळपास निर्माण झाला, की ती तार स्पर्शावाचून कंप पावू लागते. यालाच अनुनाद असे म्हणतात. छेडलेल्या तारेतून मूळ स्वराबरोबरच त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही उमटत असल्याने अनुनादाच्या शक्यता वाढतात.

प्रचलित जुळणीनुसार गिटारच्या सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सुमारे 82.4 हर्ट्झ असते. तिचा तिसरा उपस्वर 247.2 हर्ट्झवर येतो, तर दुसऱ्या तारेचा मूळ स्वर 246.9 हर्ट्झ आहे. सहाव्या तारेचा चौथा उपस्वर आणि पहिल्या तारेचा मूळ स्वर दोन्ही 329.6 हर्ट्झच्या आसपास आहेत. 110 हर्ट्झच्या पाचव्या तारेचा तिसरा उपस्वरही 330 हर्ट्झ, म्हणजे पहिल्या तारेच्या अगदी निकट येतो. त्यामुळे जाड तारा वाजवताना पातळ तारा आपोआप जाग्या होणे स्वाभाविक आहे.

मिरजेच्या वाद्यांत हाच गुण

महाराष्ट्रातील सांगली जिल्ह्यात असलेले मिरज शहर तंतुवाद्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून येथे ही परंपरा रुजली. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. गिटारवादक जो अनुनाद टाळू पाहतो, तोच या वाद्यांचा प्राण मानला जातो.

सतारीच्या पडद्यांखालून जाणाऱ्या तरफेच्या तारा सहसा छेडल्या जात नाहीत. मुख्य तारेवर त्यांच्या स्वराशी जुळणारा स्वर वाजला, की त्या झंकारतात. तंबोऱ्यात घोडीच्या किंचित गोलाकार पृष्ठभागावर तार हलकेच घासत कंप पावते आणि तारेखाली सरकवलेल्या सुताच्या धाग्याने हा परिणाम नेमका साधला जातो. यालाच जवारी म्हणतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीच्या या वैशिष्ट्याची दखल घेतली होती. इतर वाद्यांत जे उपस्वर दबले जावेत, तेही या वाद्यांत स्पष्ट उमटतात, असे त्यांनी निदर्शनास आणले.

पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तर गिटारलाच तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. या वाद्यावरील वादनासाठी त्यांना 1994 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मग फरक कोठे आहे? तरफेच्या तारा रागाच्या स्वरांनुसार जुळवल्या जातात, त्यामुळे त्यांचा झंकार रागाला पोषक ठरतो. गिटारच्या खुल्या तारांचे स्वर मात्र ठरलेले असतात. गाण्याचा आधारस्वर बदलला, तरी त्या बदलत नाहीत आणि विसंगत स्वर मिसळतो. म्हणजेच अडचण अनुनादाची नसून निवड न केलेल्या अनुनादाची आहे.

निदान कसे करावे?

सर्वप्रथम अनुनाद आणि विजेची घरघर यांतील भेद ओळखावा. तार न छेडताही सतत ऐकू येणारा आवाज हा बहुधा विद्युतपुरवठ्याचा गुंजारव असतो. भारतात वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने तो 50 किंवा 100 हर्ट्झवर जाणवतो. त्यावर तारांची दुरुस्ती करून उपयोग होत नाही.

त्यानंतर एक स्वर जोरात छेडून ती तार झटकन थांबवावी आणि मागे काय उरते ते ऐकावे. मग हीच कृती पुन्हा करताना एका वेळी एकच भाग बोटाने दाबून धरावा. प्रथम न वाजणाऱ्या तारा, नंतर मानेच्या टोकावरील पट्टी आणि खुंट्या यांच्यामधील तारांचे तुकडे, त्यानंतर घोडीमागील तारा आणि शेवटी मागील पोकळीतील स्प्रिंगा तपासाव्यात. जो भाग दाबताच नाद थांबतो, तोच त्याचा उगम होय.

उपाय

न वाजणाऱ्या तारांचा नाद हा मुख्यतः वादनतंत्राचा विषय आहे. उजव्या तळहाताची कड जाड तारांवर टेकवणे आणि डाव्या हाताच्या बोटांची टोके शेजारच्या तारांना हलकेच लावून ठेवणे, हा त्यावरील खरा उपाय आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी पहिल्या पडद्याजवळ मऊ कापडाची पट्टी किंवा केसांचा रबरबँड गुंडाळण्याची पद्धतही रूढ आहे. मात्र अशा वेळी खुल्या तारा वाजवता येत नाहीत.

पट्टीमागील आणि घोडीमागील तारांच्या तुकड्यांत नमद्याचा किंवा फोमचा छोटा तुकडा अडकवणे पुरेसे ठरते. घोडीमागे तारेची लांबी अधिक असलेल्या गिटारमध्ये हा त्रास विशेष जाणवतो. फेंडर कंपनीच्या 1962 मधील जॅग्वार या गिटारमध्ये तर तारा दाबणारी फोमची यंत्रणा मुळातच बसवलेली होती.

1954 मध्ये बाजारात आलेल्या स्ट्रॅटोकास्टर आणि तिच्या धर्तीवरील गिटारच्या मागील पोकळीत पोलादी स्प्रिंगा असतात. त्यांचा खणखणाट थांबवण्यासाठी स्प्रिंगांखाली फोम ठेवावा, परंतु त्यांची हालचाल अडणार नाही याची दक्षता घ्यावी.

जाड तारेवर वरच्या पडद्यांत स्वर डळमळत किंवा दुहेरी ऐकू येत असेल, तर पिकअपचे चुंबक तारेच्या फार जवळ असण्याची शक्यता असते. शेवटचा पडदा दाबून तार आणि पिकअप यांमध्ये सुमारे 2 मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी आणि कानाने ठरवावे. पिकअपवर नखाने टिचकी मारल्यास ध्वनिवर्धकातून ठळक आवाज येत असेल, तर त्यातील तारेचे वेढे सैल असू शकतात. त्यावर मेणाचा लेप देण्याचा उपाय केला जातो. तापलेले मेण पेट घेऊ शकते, त्यामुळे हे काम जाणकारांकडेच सोपवावे.

केवळ खुली तारच करकरत असेल, तर पट्टीतील खाच अधिक खोल गेलेली असू शकते. सैल स्क्रू आणि खुंट्यांचे सैल नट हेही खरखरीचे सामान्य कारण आहे.

आवाजाची पातळी खाली जाताच ध्वनी बंद करणारे नॉइज गेट हे उपकरण केवळ दोन स्वरांमधील शांततेत उपयोगी पडते. स्वर सुरू असताना त्यात मिसळणारा अनुनाद त्याने दूर होत नाही.

घ्यावयाची काळजी

उपाययोजनेचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वादनतंत्र, मग कापड किंवा फोम, त्यानंतर स्क्रू आणि पिकअपची उंची, असे पुढे जावे. हे सर्व बदल पूर्ववत करता येतात. पट्टीची खाच किंवा पडदे कानशीने घासणे मात्र पूर्ववत होत नाही, म्हणून ते सर्वांत शेवटी आणि कुशल कारागिराकडूनच करून घ्यावे. जवारी काढणारा कारागीरही घोडी थोडी घासतो, तार चढवून ऐकतो आणि मगच पुढचा हात फिरवतो. गिटारच्या दुरुस्तीलाही हाच संयम लागू पडतो.