धोतऱ्याचा भाऊबंद डोळ्यांत
आपण शंकराला वाहतो त्या धोतऱ्यात आणि युरोपातल्या बेलाडोनात एकच विष: अ‍ॅट्रोपिन! १८३०च्या दशकात जर्मनीत ते वेगळं काढलं गेलं. मुलांचा वाढता मायनस नंबर त्याने मंदावतो, हे २००६ साली सिंगापूरच्या ४०० मुलांवरच्या अभ्यासाने दाखवलं. पण १ टक्का थेंबांनी डोळे दिपत, आणि थांबवले की नंबर पुन्हा झपाट्याने वाढे. २०१२मध्ये तिथेच ०.०१ टक्क्याचं कौतुक झालं. २०२३च्या एका अमेरिकन अभ्यासात मात्र त्याचा उपयोग दिसला नाही. हाँगकाँगने २०१९ला ०.०५ टक्के सरस ठरवलं होतं. इथे फ्रीमाँटमध्ये डॉक्टरांनी माझ्या लेकीला तेच दिलं. या वापराला एफडीएची मंजुरी नव्हती, म्हणून खास बनवून घेतलं. आजी फोनवर म्हणाली, "अगं, धोतरा डोळ्यांत?" सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे.