मुंबईच्या नावाचा रक्तगट

कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्ना येथे एकाच्या रक्तरसात दुसऱ्याच्या तांबड्या पेशी मिसळून पाहिल्या, तेव्हा काही मिश्रणांत पेशींच्या गुठळ्या झाल्या, काहींत झाल्या नाहीत. आणि १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून रक्तगटांचे जे शास्त्र उदयास आले, त्याच्या आधारे ओ गटाच्या पेशी कोणासही चालतात असा भरवसा वैद्यकाच्या दप्तरी पुढे कायम झाला.

त्या भरवशास धक्का बसला तो परळच्या के. ई. एम. रुग्णालयात. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये ज्या व्यक्तींची हकीकत मांडली, त्यांच्या पेशींवर ए व बी यांपैकी एकही खूण नसल्याने त्या ओ गटाच्या वाटाव्यात, परंतु त्यांचा रक्तरस ओ गटाच्या पेशींचीही गुठळी करी. असा विक्षिप्त निकाल तपासणीचा दोष म्हणून बाजूस सारणे किती सोपे होते! त्यांनी मात्र त्याचा पिच्छा पुरवला, याचे मोल मला फार वाटते. ओ गटाच्या पेशींवर 'एच' नावाचे द्रव्य विपुल असते, आणि त्यालाच एकेक शर्करा जोडली जाऊन ए व बी या खुणा सिद्ध होतात. या व्यक्तींच्या ठायी ते मूळ द्रव्यच नव्हते, उलट रक्तरसात त्याच्या विरोधी प्रतिद्रव्ये होती. म्हणून 'बॉम्बे' असे नाव पडलेल्या या गटाच्या रुग्णास, आप्तस्वकीयांनी बाह्या सरसावल्या तरी, त्याच विरळ गटाच्या दात्याचेच रक्त द्यावे लागते.