‘मुळात असे नव्हते!’ : एका विनोदी विज्ञानपटाच्या पाठभेदांची कथा

१/ एखाद्या लाडक्या कलाकृतीवर चित्रपट निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘मुळात असे नव्हते!’ २००५ साली ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ पडद्यावर आला तेव्हा अनेक निष्ठावंत चाहत्यांनी हेच म्हटले. पण या कथेचे ‘मूळ’ नेमके कोणते? आजचा धागा या प्रश्नाविषयी.

२/ बहुतेकांना मूळ म्हणजे डग्लस अॅडम्स यांची कादंबरी वाटते. वास्तविक ही कथा प्रथम वाचली गेली नाही, ऐकली गेली. ८ मार्च १९७८ रोजी रात्री साडेदहा वाजता बीबीसी रेडिओ ४ वर तिचा पहिला भाग प्रसारित झाला. आर्थर डेंट या सामान्य माणसाचे घर बायपाससाठी पाडले जाणार असते. त्याच दिवशी अंतराळातील बायपाससाठी अख्खी पृथ्वीच पाडली जाते.

३/ हा विनोद हवेतून आलेला नव्हता. १९६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटनमध्ये शहरांच्या पोटातून द्रुतगती रस्ते काढले जात होते. लंडनचा ‘वेस्टवे’ हा उन्नत मार्ग १९७० मध्ये खुला झाला, तेव्हा त्यापायी घरे गमावलेल्यांचा आणि त्याच्या कडेला राहणाऱ्यांचा रोष ताजा होता. ‘आराखडे कार्यालयात पाहण्यास ठेवले होते, हरकत वेळेत का घेतली नाही?’ हा सरकारी युक्तिवाद श्रोत्यांच्या परिचयाचा होता. अॅडम्स यांनी तो परग्रहवासीयांच्या तोंडी घातला.

४/ कल्पनेच्या उगमाची कथाही मोठी बोधप्रद आहे. १९७१ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे, लिफ्ट मागत युरोप फिरताना, रात्री शेतात पडून तारे पाहत असता हे शीर्षक सुचले, असे अॅडम्स सांगत. पुढे त्यांनीच कबूल केले की ही हकिकत इतक्यांदा सांगितली आहे की आता प्रसंग आठवत नाही, केवळ सांगणे आठवते. आठवणींना साधन मानणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

५/ आता पाठभेद पाहा. ऑक्टोबर १९७९ मध्ये कादंबरी आली; तिने रेडिओच्या सहांपैकी साधारण पहिल्या चार भागांचेच कथानक घेतले. अखेरच्या दोन भागांचे सहलेखक जॉन लॉइड होते. त्यांतील काही प्रसंग अॅडम्स यांनी पुढच्या कादंबरीत बदलून टाकले. १९८१ मध्ये दूरचित्रवाणी मालिका, १९८४ मध्ये संगणकीय खेळ. प्रत्येक वेळी स्वतः लेखकानेच कथा मोडली आणि नव्याने जोडली. हे पाठ परस्परांशी जुळत नाहीत, आणि जुळावेत असा अॅडम्स यांचा आग्रहही नव्हता.

६/ चित्रपटाचा प्रयत्न १९८० च्या दशकाच्या आरंभीच सुरू झाला. निर्माते आयव्हन राइटमन यांच्याबरोबरची बोलणी फिसकटली. राइटमन यांचा ‘घोस्टबस्टर्स’ १९८४ मध्ये झळकला, ‘हिचहायकर्स’ मात्र कागदावरच राहिला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डिस्नीने रस घेतला आणि अॅडम्स कॅलिफोर्नियात राहावयास गेले. पटकथेचे खर्डे होत राहिले. ११ मे २००१ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९.

७/ त्यानंतर कॅरी कर्कपॅट्रिक यांनी अॅडम्स यांच्या खर्ड्यावरून पटकथा पूर्ण केली आणि गार्थ जेनिंग्स यांनी दिग्दर्शन केले. एप्रिल २००५ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. हुम्मा कवुला हे पात्र आणि समोरच्याला आपला दृष्टिकोन पटवून देणारी बंदूक पुस्तकात नाहीत. अनेकांनी त्यांना हॉलिवूडची घुसखोरी मानले. प्रत्यक्षात या दोन्ही कल्पना खुद्द अॅडम्स यांच्याच होत्या.

८/ येथे दोन विधाने वेगळी करावी लागतात. ‘चित्रपट फिका आहे’ हा रसिकाचा अभिप्राय झाला. संवादांतील विनोद छाटला गेला आणि प्रेमकथेला अधिक जागा मिळाली, ही तक्रार निराधार नाही. ‘चित्रपटाने मुळाशी द्रोह केला’ हे मात्र ऐतिहासिक विधान आहे. त्याला पुरावा लागतो, आणि येथे पुरावा उलट दिशेने बोट दाखवतो.

९/ अर्थात दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीच लेखक गेला होता. तयार चित्रपट त्याला आवडला असता, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. खर्डा म्हणजे संमतिपत्र नव्हे.

१०/ निर्मात्यांना आपल्या पूर्वसूरींची जाण होती, एवढे मात्र पडद्यावर दिसते. रेडिओवरचे पहिले आर्थर, सायमन जोन्स, एका छोट्या भूमिकेत येतात. १९८१ च्या मालिकेतला जुना मार्विन यंत्रमानव एका रांगेत मुकाट उभा आहे. आणि शेवटी अंतराळयान क्षणोक्षणी रूपे पालटते, तेव्हा त्यांत अॅडम्स यांचा चेहरा उमटून जातो.

११/ आपण ज्याला ‘मूळ’ म्हणतो, तो पुष्कळदा आपल्याला प्रथम भेटलेला पाठ असतो. रेडिओच्या श्रोत्याला कादंबरी नवखी वाटली असेल, कादंबरीच्या वाचकाला मालिका. यापुढे ‘मुळात असे नव्हते’ असे ओठांवर आले, तर क्षणभर थांबून स्वतःला विचारा : कोणत्या मुळात?