सामुदायिक खतनिर्मिती

सामुदायिक खतनिर्मिती म्हणजे एखाद्या वसाहतीतील किंवा गृहनिर्माण संस्थेतील घरांमधून ओला कचरा स्वतंत्रपणे गोळा करून जवळच्या सामाईक जागेत त्याचे कंपोस्ट खत करण्याची पद्धत होय. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, खरकटे आणि निर्माल्य यांचा त्यात समावेश होतो.

पार्श्वभूमी

भारतीय शहरांतील घरगुती कचऱ्यात विघटनशील भाग मोठा असतो. मिश्र कचऱ्याच्या ढिगात तो हवेविना कुजतो. त्यातून मिथेन वायू बाहेर पडतो, तर झिरपणारे दूषित पाणी भूजलात मिसळते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार कचराभूमीला मोठी आग लागली व तिचा धूर शहरात दूरवर पसरला. पुण्याचा कचरा ज्या गावांच्या हद्दीत टाकला जाई, त्या उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी त्याविरुद्ध वेळोवेळी आंदोलने केली. ओला कचरा निर्माण होतो तेथेच जिरवल्यास हा भार कमी होतो.

आधुनिक कंपोस्ट पद्धतींपैकी ‘इंदूर पद्धत’ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील संशोधन संस्थेत विकसित केली. यशवंत वाड यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात १९३१ मध्ये तिची मांडणी झाली.

संकलन

वर्गीकरण घरातच होणे ही या पद्धतीची मुख्य अट आहे. काच, प्लॅस्टिक, औषधे किंवा सॅनिटरी पॅड ओल्या कचऱ्यात मिसळल्यास खताचा दर्जा घसरतो. शिवाय ते हाताने वेगळे करणाऱ्या सफाई कामगारांना इजा व संसर्ग होण्याचा धोका असतो. ओला कचरा झाकणाच्या बादलीत, प्लॅस्टिकच्या पिशवीविना साठवून शक्यतो रोज दिला जातो.

प्रक्रिया

ओल्या कचऱ्यात नत्राचे प्रमाण जास्त असल्याने त्यावर वाळका पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा यांचे थर दिले जातात. कर्ब व नत्र यांचे सुमारे ३०:१ हे प्रमाण आणि ५० ते ६० टक्के ओलावा अनुकूल मानला जातो. सूक्ष्मजीवांच्या क्रियेमुळे ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. ते काही दिवस टिकल्यास बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. हवा खेळती राहावी म्हणून ढीग अधूनमधून खालीवर करतात. सुरुवातीला शेणकाला किंवा तयार खत विरजणासारखे घालतात. साधारणपणे दोन ते तीन महिन्यांत गडद तपकिरी, भुसभुशीत आणि मातीचा वास असलेले खत तयार होते.

अडचणी

दुर्गंधी हे बहुधा जास्त ओलावा व अपुरी हवा यांचे लक्षण असते. कोरडा पाला घालून ढीग उलटल्यास ती कमी होते. मांस, मासे व तेलकट अन्न यांमुळे उंदीर आणि माश्या येतात, म्हणून लहान प्रकल्पांत ते टाळतात. जागेची निवड, देखभालीचा खर्च व कामगारांचे वेतन यांवरून सदस्यांत मतभेद झाल्यास प्रकल्प बंद पडण्याचा संभव असतो.

कायदेशीर तरतुदी

केंद्र शासनाच्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार विघटनशील, अविघटनशील व घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग करणे बंधनकारक करण्यात आले. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या बंदिस्त वसाहतींनी शक्यतो आवारातच विघटनशील कचऱ्यावर प्रक्रिया करावी, अशी तरतूदही त्यांत होती.

महाराष्ट्रातील स्थिती

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरी वर्गीकृत कचरा गोळा करते. त्यामुळे शहरातील वर्गीकरणाचा प्रश्न कचरावेचकांच्या उपजीविकेशी व कामाच्या प्रतिष्ठेशीही जोडला गेला आहे.