वर्षाला पाच रुपये: रायगडाच्या समाधीसाठी झालेली मोहीम

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, वाचनालयाच्या छताचं पुढे काय झालं? आधी तेच सांगतो, कारण आजची गोष्ट तिथूनच सुरू होते.

माझं घर खामगावात, नोकरी पुण्यात आणि लॅपटॉप दोन्हीकडे. घराजवळ एक जुनं वाचनालय आहे, कवेलूच्या छताचं. पाऊस लागला की जुन्या अंकांच्या कपाटावर मेणकापड टाकावं लागतं. आम्ही चार मित्रांनी छतासाठी पैसे गोळा करायचं ठरवलं. एक बीटेक, म्हणजे मी, आणि एक व्हिडिओ एडिटर. आपल्याला नाही जमणार तर कुणाला जमणार, असा एकूण माज होता. ड्रोनने शूटिंग केलं, मागे सतार लावली, रील टाकली. चाळीस हजारांवर लोकांनी पाहिली. पैसे दिले अकरा जणांनी, आणि त्यातले चार माझे नातेवाईक.

वाचनालय सांभाळणाऱ्या काकांना मोबाईलवर ती रील दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "फोटो तं झ्याक काहाडले बाबू. पन ज्यायनं पैसे देल्ले, त्यायचे नावं कुठी हायेत?"

मला उत्तर देता आलं नाही. पण पुढच्या आठवड्यात टिळकांच्या चरित्राची पानं उलटताना हाच प्रश्न पुन्हा समोर आला, आणि तिथे त्याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन झालं होतं.

१८८३ साली जेम्स डग्लस नावाच्या इंग्रज लेखकाचं मुंबईच्या इतिहासावरचं पुस्तक आलं. त्यात त्याने रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था लिहिली. झाडंझुडपं माजलेली, फरशी उखडलेली, आणि या माणसाची आज कुणाला पर्वा नाही, असा त्याचा सूर. एका परक्याने हे लिहावं, हे पुण्यातल्या शिकलेल्या मंडळींना लागलं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सभा झाली, सरकारकडे मागणी गेली. सरकारने समाधीच्या देखभालीसाठी रक्कम मंजूर केली: वर्षाला पाच रुपये.

त्या काळात रुपया मोठा होता वगैरे मान्य, तरी पाच रुपयांत गडावरचं गवतही कापून होत नाही. पुढची दहा वर्षं विषय तिथेच पडून राहिला.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. शिवाजी महाराजांना लोकांसमोर आणायचं काम १८९५ मध्ये सुरू झालं असं अजिबात नाही. जोतीराव फुल्यांनी महाराजांवरचा पवाडा १८६९ मध्येच छापला होता, आणि त्यातला राजा शेतकऱ्यांचा राजा आहे. पुण्याच्या सभांमधला शिवाजी आणि फुल्यांचा शिवाजी यांत फरक आहे, आणि त्यावर आजही भांडणं होतात. वारशाची मोहीम करणारा माणूस वारसा 'सांगतो' तेव्हा त्यातलं काही निवडतो आणि काही बाजूला ठेवतो. टिळकांनीही निवडलं.

आता १८९५. २३ एप्रिलच्या 'केसरी'त टिळकांनी हा विषय पुन्हा उचलला. 'केसरी' दर मंगळवारी निघायचा, म्हणजे दर मंगळवारी हा विषय वाचकासमोर ठेवता येत होता. ३० मे रोजी पुण्यात हिराबागेत मोठी सभा झाली. सरदार-संस्थानिक आले, समिती नेमली, निधी सुरू झाला. इथपर्यंत रानड्यांच्या सभेपेक्षा फार वेगळं काही नाही. वेगळं झालं ते यानंतर.

दोन-चार संस्थानिकांनी मोठे आकडे टाकले असते तर समाधीच्या दुरुस्तीचे पैसे कदाचित तेवढ्यावर भागले असते. टिळकांना मात्र असंख्य लोकांच्या लहान लहान रकमा हव्या होत्या. आणि देणगी आली की देणाऱ्याचं नाव 'केसरी'त छापून यायचं.

थांबा, हे नीट पाहूया, कारण सगळी मोहीम या यादीवर उभी आहे. समजा तुम्ही १८९५ मध्ये एखाद्या तालुक्याच्या गावी शाळामास्तर आहात. रायगड तुम्ही पाहिलेला नाही, पाहण्याची शक्यताही नाही. तुम्ही थोडे पैसे मनीऑर्डरने पाठवता. काही आठवड्यांनी चावडीवर अंक येतो, एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात, कारण तेव्हा एक अंक दहा-वीस जणांत फिरायचा. यादीत तुमचं नाव येतं. आता समाधी तुमची झाली. शेजारी बसलेल्या वाण्याला वाटतं, मास्तरचं नाव आलं, माझं का नाही? आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लीडरबोर्ड म्हणतो आणि त्यासाठी अख्खी टीम बसवतो. शिवाय ती यादी म्हणजे जाहीर पावती होती. पैसे पोचले की नाही, हे सगळ्या गावासमोर कळायचं.

काका हेच विचारत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. निधी एकदा गोळा होतो आणि संपतो, उत्सव मात्र दरवर्षी येतो. १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सवात हा प्रयोग पुण्यात करून झाला होता: मेळे, गाणी, मिरवणूक, ठरलेले दिवस. १८९६ च्या एप्रिलमध्ये रायगडावर पहिला शिवाजी उत्सव झाला. सरकारची परवानगी सहज मिळाली नाही. त्यासाठी टिळक महाबळेश्वरला जाऊन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना भेटले. तेव्हा गडावर जायला रोपवे नव्हता, सगळं चढून जायचं. तरी लोक गेले.

पण खरी कमाल गडावर न गेलेल्यांची आहे. ज्यांना रायगड लांब होता त्यांनी आपापल्या गावात उत्सव केला. वारसास्थळ जागेवरच राहिलं आणि त्याचा उत्सव गावोगाव फिरू लागला.

इथे मला माझी आजी आठवते. लहानपणी आमच्याकडे 'श्री गजानन विजय' ग्रंथाचं पारायण व्हायचं. शेगाव आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर, त्यामुळे हा ग्रंथ आमच्या भागात घरोघरी. त्याच्या पंधराव्या अध्यायात अकोल्याच्या शिवजयंतीचं वर्णन आहे. साल १९०८, वैशाख महिना, व्यासपीठावर टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि स्वतः गजानन महाराज. आजीचं लक्ष महाराजांच्या भाकितावर असायचं, आणि खरोखर त्याच वर्षी २४ जूनला टिळकांना अटक झाली, पुढे मंडालेची सहा वर्षं. मला मात्र तेव्हापासून एकच शंका: रायगड कुठे, अकोला कुठे? वऱ्हाड तर तेव्हा मुंबई इलाख्यातही नव्हतं. मग इथे एवढी मोठी शिवजयंती कशी?

आज त्याचं उत्तर दिसतं. मोहीम त्याआधीच्या बारा-तेरा वर्षांत इथवर पोचली होती. वाट कापसाने करून ठेवली होती. जलंब ते खामगाव हा जेमतेम १३ किलोमीटरचा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आले होते. तो टाकला कापसाच्या गाठी मुंबईला नेण्यासाठी. पण रेल्वे एका दिशेने धावत नाही. गाठी जायच्या आणि टपाल यायचं, टपालात वर्तमानपत्रं यायची.

कलकत्त्यातही हेच झालं. सखाराम गणेश देऊस्कर या बंगालीत लिहिणाऱ्या मराठी माणसाने तिथे १९०२ मध्ये शिवाजी उत्सव सुरू केला. १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली. १९०६ ला टिळक आणि खापर्डे स्वतः तिकडच्या उत्सवाला गेले. ज्या बंगालमध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांची आठवण अंगाईगीतात राहिली आहे, तिथे हा उत्सव उभा राहतो! प्रचाराची ताकद म्हणून याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता पोटात दुखणारा भाग.

समाधीचं काय झालं? निधी होता, समिती होती, उत्सव होते. पण १८९७ च्या जूनमध्ये पुण्याच्या उत्सवात अफझलखान वधावर भाषणं झाली, १५ जूनच्या 'केसरी'त ती आली, २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सरकार त्यानंतर शिवाजी उत्सवाकडे संशयानेच पाहत राहिलं. लोकांचं लक्षही दगडमातीच्या कामाकडून राजकारणाकडे गेलं. स्वातंत्र्याच्या चळवळीला त्याचा उपयोगच झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण रायगडावरच्या समाधीची नीट दुरुस्ती व्हायला १९२० च्या दशकाचा मध्य उजाडला. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. म्हणजे ज्या छत्रीसाठी त्यांनी लोकांकडून पैसे मागितले, ती दुरुस्त झालेली त्यांनी पाहिली नाही.

तीस वर्षं. हे वाचलं तेव्हा मी आमची रील पुन्हा उघडून पाहिली. लोकांना पटवण्यात ती मोहीम आमच्या हजारपट यशस्वी, तरी दगड जागचा हलायला तीस वर्षं. टिळकांना यासाठी दोष द्यावा असं मला वाटत नाही, त्यांचं उद्दिष्ट समाधीपेक्षा मोठं होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. आमचं उद्दिष्ट मात्र छताएवढंच आहे. कवेलू फुटले आहेत, ते बदलायचे आहेत.

म्हणून दोन कामं केली. वाचनालयाच्या दारात फळा लावला. डाव्या रकान्यात देणाऱ्याचं नाव आणि रक्कम, दहा रुपये असले तरी. काका खडूने लिहितात, अक्षर सुंदर आहे त्यांचं. दर आठवड्याला फळ्याचा फोटो गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. ड्रोन नाही, सतार नाही. तीन आठवड्यांत नव्वदच्या वर नावं झाली. माझ्या आजीने एकावन्न रुपये दिले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नाव बरोबर लिहिलंय का ते पाहून आली. आडनावात रेघ राहिली होती, ती तिथेच दुरुस्त करून घेतली.

उजव्या रकान्यात झालेला खर्च आणि तारीख लिहायची. तो अजून रिकामा आहे. मिस्त्री मंगळवारी येतो म्हणालाय.