‘झोन थ्री’ची कुळकथा

नवी मुंबईच्या खारघरमधल्या कोणत्याही नव्या इमारतीचं आरसीसी ड्रॉइंग उघडा. कॉलम, बीम, स्लॅबच्या रेघांच्या गर्दीत एका कोपऱ्यात बारीक अक्षरांतल्या सूचना असतात. काँक्रीट अमुक ग्रेडचं, सळई तमुक ग्रेडची, आणि त्यातच एक ओळ: भूकंप क्षेत्र तीन. साइटवर तिला सगळे ‘झोन थ्री’ म्हणतात. घर घेणारा माणूस कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, मेट्रो स्टेशन किती लांब ते विचारतो. या ओळीशी त्याचा संबंध येत नाही. माझ्या मते मात्र त्या कागदावर हिच्याइतकं जुनं आणि महागात पडलेलं दुसरं काही नाही.

शाळेत आपण शिकलो की पृथ्वीचं कवच मोठमोठ्या भूपट्टांचं बनलेलं आहे आणि त्यांच्या कडा एकमेकींना घासतात तिथे भूकंप होतात. हे खरंच आहे. पण मग हिमालय कुठे आणि खारघर कुठे? आपण पट्टाच्या कडेला नाही, चांगले मधोमध बसलो आहोत. तरीही आपल्या वाट्याला शून्य आलं नाही, एक आलं नाही, तीन आलं. ते कसं, हीच या ओळीची कुळकथा.

तिचा मूळपुरुष शोधायचा तर थेट शिलाँगला जावं लागतं. १२ जून १८९७ च्या संध्याकाळी तेव्हाच्या आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रिचर्ड ओल्डहॅम त्याच्या तपासाला गेले. भूकंप या घराण्याला नवे नव्हते. त्यांचे वडील थॉमस ओल्डहॅम यांनी भारतातल्या जुन्या भूकंपांची यादी जमवली होती आणि ती मुलाने १८८३ मध्ये छापून घेतली होती. आसामच्या धक्क्याच्या नोंदी दूर युरोपातल्या यंत्रांवरही उमटल्या होत्या. त्या तपासताना ओल्डहॅमना दिसलं की धक्का एकच असला तरी लाटा तीन जातींच्या येतात: सगळ्यात आधी दाबाची लाट, मागून आडवी हलवणारी, आणि शेवटी जमिनीच्या पृष्ठभागावरून येणारी. पुढे १९०६ मध्ये त्यांनी आणखी मोठी गोष्ट मांडली. पृथ्वीच्या पोटातून फार लांबवर गेलेल्या लाटा अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात. म्हणजे मध्यभागी त्यांचा वेग मंदावणारा, वेगळ्याच पदार्थाचा गाभा असला पाहिजे. पृथ्वीच्या आत डोकावून पाहायची ही पहिली खरी खिडकी, आणि ती उघडायला आसामच्या भूकंपाच्या नोंदींनी मोठा हातभार लावला. नंतर १९०९ मध्ये झाग्रेबच्या मोहोरोविचिच यांनी कवचाचा तळ ओळखला, १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी गाभ्याच्या आत आणखी एक गाभा दाखवला. कवच, प्रावरण, गाभा ही पाठ्यपुस्तकातली उतरंड अशी भूकंपांच्या नोंदींतूनच हाती आली. गाभा सुरू होतो सुमारे २,९०० किलोमीटरवर. आपल्याला हादरवणारी बहुतेक उलथापालथ मात्र वरच्या थरांतच चालते.

नकाशाचा जन्म त्यानंतरचा. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपाने उत्तर बिहार उद्ध्वस्त झाला आणि १९३५ मध्ये सर्वेक्षण खात्याने भारताचा पहिला भूकंप-नकाशा केला. बिहारच्या भूकंपाचा सविस्तर अहवाल लिहिणाऱ्यांत जॉन बिकनेल ऑडेन हे भूवैज्ञानिक होते. इंग्रज कवी ऑडेन यांचे हे थोरले भाऊ. त्यांचं नाव लक्षात ठेवा, कारण हेच ऑडेन पुढे आपल्या अंगणात आले.

कोकणातल्या काळ्या पाषाणाचा अभ्यास करून त्यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतातल्या डाइकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. डाइक म्हणजे जुन्या खडकाला चिरून वर आलेल्या लाव्ह्याची उभी भिंत. त्या निबंधात ‘पनवेलचा बाक’ आला, आणि ते नाव भूविज्ञानात कायमचं रुजलं. हा बाक डोळ्यांनी पाहता येतो, फार शिकायला लागत नाही. माथेरानच्या कड्यांवरचे लाव्ह्याचे थर पाहा: आडवे, जवळजवळ सपाट. आता पारसिकच्या, मुंब्र्याच्या डोंगरांकडे या. तेच थर पश्चिमेला, समुद्राकडे कललेले दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा ओतला गेला तेव्हा सपाटच पसरला असणार. पुढे पश्चिम किनारा तुटताना, खचताना कवच इथे वाकलं. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्याचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांना त्या कड्याचं पाणी दिसतं. मागे उभा खडक याच वाकलेल्या पट्ट्याच्या शेजारचा आहे.

पण १९४९ मध्ये यातून कुणाला धोका दिसला नाही, आणि त्यालाही कारण होतं. दख्खनचं पठार म्हणजे अतिप्राचीन, घट्ट, हलणार नाही असा भूभाग, हीच तेव्हाची विद्या. १९६२ मध्ये भारतीय मानक संस्थेने इमारतींसाठी भूकंपाची संहिता काढली, आयएस १८९३. तिच्यातल्या नकाशात शून्य ते सहा अशी सात क्षेत्रं होती आणि पठाराचा मोठा भाग तळाच्या क्षेत्रांत होता.

याच सुमारास पठाराचा खडक स्वतःच वेगळी साक्ष देत होता. लाव्हा थिजताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. केंब्रिजमध्ये एडवर्ड अर्विंग या तरुणाने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला दख्खनच्या बेसॉल्टचे, म्हणजे याच काळ्या पाषाणाचे, नमुने मोजले आणि निष्कर्ष काढला की भारत दक्षिणेकडून काही हजार किलोमीटर उत्तरेला सरकला आहे, शिवाय वळलाही आहे. त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध नामंजूर झाला. पाठोपाठ लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी हेच मोजमाप केलं, आणि १९५९ मध्ये डॉइच यांच्याबरोबर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या पुराचुंबकत्वावर निबंध लिहिला. खंड खरोखर चालतात, हे जगाला पटवणाऱ्या पुराव्यांत घाटमाथ्यावरच्या काळ्या दगडाचा वाटा आहे. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि आपल्या शाळांच्या पुस्तकांत याची एक ओळ असावी असंही वाटतं.

म्हणजे स्थिर म्हणून नावाजलेलं पठार अख्खंच्या अख्खं चालत होतं, आणि आजही वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेला चालतं आहे. समोर आशिया अडलेला. त्या रेट्याचा ताण फक्त हिमालयात साठत नाही, पट्टाच्या पोटातही साठतो, आणि जिथे जुनी चीर असेल तिथे मोकळा होतो. ही गोष्ट कळली ती मात्र कोयनेला.

कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं आणि गावांना बारीक धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झालं, दोनशेच्या आसपास माणसं गेली, हादरा मुंबईपर्यंत आला. धरणातल्या यंत्राने टिपलेला आकडा पाहिला की आजही छाती दडपते. धरण आखताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरला होता. यंत्राने नोंदला ०.६३ पट. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. ते फुटलं असतं तर कोयनाकाठचं काय झालं असतं, ते इथे लिहवत नाही.

पाण्याने भूकंप ‘घडवला’ असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं. ताण आधीच साठलेला होता. खोल झिरपलेल्या पाण्याचा दाब चिरेच्या दोन बाजूंमधलं घर्षण कमी करतो आणि सुटायचं ते लवकर सुटतं. पुढे कोयनेच्या परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा भाग आपला ओळखीचा काळा पाषाण, खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक. भूकंप होतात ते या खालच्या खडकात. वरून आपण ज्याला सह्याद्री म्हणतो ते नुसतं पांघरूण आहे.

कोयनेनंतर नकाशा बदलावाच लागला. १९७० च्या आवृत्तीत शून्य क्षेत्र कायमचं पुसलं गेलं, कोयना चौथ्या क्षेत्रात गेली आणि मुंबईचा परिसर तिसऱ्या. त्याच १९७० च्या मार्चमध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली. नवी मुंबईची पहिली वीट रचण्याआधीच तिच्या कपाळी ‘तीन’ लिहिलं गेलं होतं, आणि ते लिहिणारे हात कोयनानगरच्या ढिगाऱ्यातून आले होते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आपण इथे मागचे आहोत.

ठेच एवढ्यावर थांबली नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती बोळवून गावं झोपलेली. किल्लारी तेव्हाच्या नकाशात क्षेत्र एकमध्ये होती, म्हणजे सर्वांत निर्धोक. चार वाजायला चार मिनिटं असताना ६.२ च्या आसपासचा धक्का बसला आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरची मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास, बाकीचे अंदाज त्याहून वर. भूकंपाने माणसं मारली असं आपण म्हणतो, पण मारलं भिंतींनी आणि माळवदांनी. २००२ च्या सुधारणेत क्षेत्र एकही गेलं. तेव्हापासूनच्या नकाशात भारतात निर्धोक नावाची जागाच उरली नाही, सुरुवातच दोनपासून.

आता खारघरच्या ड्रॉइंगकडे परत येऊ. तिसऱ्या क्षेत्राचा आकडा ०.१६. म्हणजे जमीन गुरुत्वाकर्षणाच्या सोळा टक्क्यांपर्यंत आडवी झटकली जाईल असं धरायचं. पण इमारत तेवढ्या पूर्ण जोरासाठी आखतच नाहीत. संहिता आधी तो निम्मा करते आणि मग इमारत लवचिक असेल या भरवशावर पुन्हा पाचाने भागू देते. इमारतीने मोठ्या धक्क्यात वाकावं, तडकावं, पण कोसळू नये, असा हा हिशेब. आणि हा सगळा भरवसा कशावर टांगलेला आहे? कॉलममधल्या रिंगांवर.

साइटवर फिटर कसा रिंग वळवतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. आठ मिलिमीटरची सळई चौकोनी वळवून झाली की शेवटची दोन टोकं उरतात. ती काटकोनात मोडली तर काम पटकन होतं. धक्क्यात कॉलमचं बाहेरचं काँक्रीट गळून पडलं की मात्र काटकोनी टोकं उघडतात, रिंग सुटते, उभ्या सळया फुगतात आणि कॉलम बसतो. तीच टोकं १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रोवली तर रिंग शेवटपर्यंत धरून राहते. आणि बीम-कॉलमच्या सांध्याजवळ या रिंगा एकमेकींपासून १०० मिलिमीटरहून लांब ठेवायच्या नाहीत. ड्रॉइंगमध्ये हे काढलेलं असतं. प्रत्यक्षात होतं की नाही, ते काँक्रीट ओतायच्या आधीच्या तासाभरात ठरतं. नंतर ते कुणालाच दिसत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. क्षेत्राचा आकडा साऱ्या खारघरला सारखा, जमीन मात्र सारखी नाही. डोंगराकडच्या सेक्टरांत थोडं खणलं की मुरूम आणि खडक लागतो. खाडीकडे, कोपरा, बेलपाडा या गावांच्या बाजूला, खाजणातला मऊ चिखल आहे. मऊ थरात संथ लाटा फुगतात आणि उंच इमारतींना नेमक्या त्याच झोंबतात. म्हणून खडक, मध्यम आणि मऊ अशा तीन जमिनींसाठी संहितेत वेगळे हिशेब आहेत.

तिसरी गोष्ट तळमजल्याची. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या कितीतरींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता, नुसत्या खांबांवर. भूजचा धक्का कोयनेपेक्षा कितीतरी मोठा होता, दोन्ही एका मापाने मोजता येणार नाहीत. तरी कोयनानगर खारघरपासून सरळ रेषेत जवळपास दोनशे किलोमीटरवर आहे, आणि आपल्या बहुतेक इमारतींच्या पोटाखाली गाड्या उभ्या असतात, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा नवं घर घेत असाल तर बिल्डरकडे तीन कागद मागा: मातीचा अहवाल, आरसीसी ड्रॉइंग आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र. जुन्या सोसायटीत राहत असाल तर हेच कागद सोसायटीच्या कपाटात आहेत का, ते येत्या सर्वसाधारण सभेत विचारा. नसतील तर मिळवा. आणि काम चालू असेल तर कॉलम भरण्याआधी एकदा साइटवर जाऊन रिंगांची टोकं बघून या.